रडणं ऐकवणारा डबा

कोंढेवाडीत मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना रंगला होता. तो जिंकला तर प्राजूची नणंद दर्शना जिल्ह्याच्या संघात जाणार होती. मैदानाला लागूनच घर, तिथं सासूजवळ बाळ झोपलेलं. तरी प्राजूचा जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून बाळाचं रडणं दुरून ऐकवणारा बिनतारी डबा तिनं कानाशी धरला होता. अचानक त्यातून पंचांच्या वायरलेसवरचं बोलणं ऐकू आलं, “दर्शनाला पुढच्या चढाईत बाद द्या.” आवाज स्पर्धेचे अध्यक्ष तात्यासाहेब यांचा, आणि समोरचा संघ त्यांच्याच गावचा.

दर्शना दोघींना शिवून सुखरूप परतली, तरी पंचांनी तिला बाद दिलं. प्राजू तडक अध्यक्षांच्या मंडपात गेली.

“तात्यासाहेब, हे तुम्हीच सांगितलंत. या डब्यात ऐकलं मी.”

“आमचं बोलणं चोरून ऐकतेस?” तात्यासाहेब गरजले. “लाज नाही वाटत?”

“चोरून कसलं? कुणी रडलं की हा डबा ऐकवतो. बाळ तर घरात गाढ झोपलंय. म्हटलं, बघावं तरी, रडीचा डाव कोण खेळतंय.”

मंडपात हशा पिकला. पंचांनी तिथं येऊन कानातलं यंत्र काढून तात्यासाहेबांच्या पुढ्यात ठेवलं आणि दोन्ही गुण दर्शनाला दिले.