दोनशे चौदा राजीनामे

"पण अण्णा, उघडून बघितल्याशिवाय कळणार कसं, फाइल जिवंत आहे का मेली?" रेवण म्हणाला.

गुंडूअण्णांच्या तोंडात स्क्रू होता.

"मी काही चोरलं का? नाही. कुणाला सांगितलं का? नाही. उलट बाईंना धीर दिला!"

अण्णांनी स्क्रू काढला, उजेडात धरून बघितला, परत तोंडात ठेवला.

काउंटरवर लोखंडेबाईंचा सीपीयू होता. ठणठणीत बरा झालेला. बाई तो तिथंच सोडून निघून गेल्या होत्या.

ही बार्शीतली गोष्ट. तेव्हा कॉम्प्युटरला घरात जावयाचा मान होता. त्याला वेगळी खोली, वेगळा पंखा, अंगावर झालरीचं कव्हर. त्याच्यापुढं जायचं तर चपला बाहेर. तो आजारी पडला की त्याला मांडीवर घेऊन रिक्षातून अण्णांकडं आणायचे, आणि दवाखान्यात थांबावं तसं घरचं एक माणूस बाकड्यावर बसून राहायचं. तासातासानं विचारायचं, "काय म्हणतोय?"

अण्णांचं दुकान भगवंताच्या देवळामागच्या बोळात. आधी तिथं रेडिओ दुरुस्त व्हायचे, मग टेपरेकॉर्डर, मग हे. पाटीवर अजून रेडिओच होता. पाटी कधी बिघडली नाही, म्हणून कुणी दुरुस्त केली नाही.

रेवण त्यांचा चेला. पुण्यात हार्डवेअरचा कोर्स करून आलेला. अण्णांच्या हाताखाली त्याला आठ महिने झाले होते, आणि पहिल्याच महिन्यात त्याच्या लक्षात आलं होतं की म्हातारा आता संपलाय.

कारण अण्णांची एक रीत होती. मशीन सुरू झालं, पडद्यावर गिऱ्हाइकाच्या फायली दिसायला लागल्या, की अण्णा चष्मा काढायचे. घडी घालून गिऱ्हाइकाच्या पुढ्यात ठेवायचे. म्हणायचे, "तुमच्या हातानं एखादी उघडा. आली का सांगा."

आणि स्वतः भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसायचे.

गिऱ्हाईक म्हणायचं, "आली." अण्णा चष्मा घालायचे. काम संपलं.

जुनी माणसं सांगायची, टेपरेकॉर्डरच्या काळात अण्णा कानात कापूस घालायचे. दुरुस्तीला आलेल्या टेपमध्ये कुणाची ना कुणाची कॅसेट राहिलेलीच असायची. कुणाच्या बारशाची गाणी, कुणी आखातातल्या नवऱ्याला धाडायचा निरोप, मध्येच कुणाचं तरी हुंदका गिळणं. अण्णा कापूस घालून स्पीकरवर बोट ठेवायचे. बोटाखाली थरथरलं की टेप चालू.

"आधी बहिरे, आता आंधळे," रेवण मित्रांना सांगायचा. "आता नाक तेवढं राहिलंय."

तर लोखंडेबाईंची हार्ड डिस्क बसली. बाई कन्याशाळेत चित्रकला शिकवायच्या. घरी एकट्या. अण्णा नेमके पुतणीच्या लग्नाला अक्कलकोटला गेलेले. रेवणनं दोन दिवस खपून सगळ्या फायली परत आणल्या.

आणि तपासायला म्हणून एक उघडली.

तो राजीनामा होता. मुख्याध्यापिकांच्या नावानं. "मुलींनी हत्तीला निळा रंग दिला. आपण तो चूक ठरवलात. सबब मी राजीनामा देत आहे."

रेवण खो खो हसला. दुसरी उघडली. तोही राजीनामा. "माझा स्टूल पुन्हा शिवणवर्गात गेला आहे. सबब..."

दोनशे चौदा फायली. दोनशे चौदा राजीनामे. एकही दिलेला नाही. बाई रोज संध्याकाळी घरी येऊन नोकरी सोडायच्या, आणि रोज सकाळी साडेदहाच्या घंटेला शाळेत हजर.

एकशे नव्वदाव्याला रेवणचं हसू थांबलं. "आज फळ्यावर नदी काढताना यांची आठवण आली. हे नेहमी म्हणायचे, तुझ्या नदीला पाणीच नसतं. तास संपेपर्यंत मुलींकडं वळताच आलं नाही. सबब मी राजीनामा देत आहे."

रेवणला वाईट वाटलं. मनापासून वाटलं. पोरगा वाईट नव्हता, हाच सगळा घोटाळा.

आज बाई सीपीयू न्यायला आल्या, तेव्हा अण्णाही दुकानात होते. त्यांचा हात चष्म्याकडं जायच्या आत रेवण पुढं झाला. अगदी घरच्यासारखं, हळू आवाजात म्हणाला, "बाई, राजीनामा देऊ नका हो. तुमच्या नदीला पाणी आहे."

बाईंनी त्याच्याकडं बघितलं. मग अण्णांकडं. मग सीपीयूकडं...

"असू दे इथंच," म्हणाल्या, आणि गेल्या.

एवढं झालं होतं.

"बोला की काहीतरी, अण्णा," रेवण म्हणाला.

अण्णांनी चष्मा काढला आणि त्याच्या हातात दिला.

रेवणला वाटलं, पुसायला दिलाय. पुसून त्यानं उगाच डोळ्यांवर लावला. बोळाच्या टोकाची पिठाची गिरणी स्वच्छ दिसली. गिरणीवरची पाटी दिसली. पाटीवरचा कावळाही दिसला. काढला. कावळा तेवढाच.

"अण्णा... याला नंबरच नाही."

"नाही."

"मग तुम्ही काढता तेव्हा..."

"तेव्हा पण दिसतं."

"सगळं?"

"कॅलेंडर चांगलं दिसतं."

रेवणच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आठ महिने तो या माणसाला आंधळा समजत होता. पायरी उतरताना हात धरत होता!

"म्हणजे तुम्ही लोकांना फसवता! मी निदान खरं तरी बोललो!"

"सीपीयू पोचवून ये," अण्णा म्हणाले.

"त्या घेतील?"

"बघ."

"आणि हा चष्मा?"

"घालून जा. जपून. एकच आहे."

सायकलच्या कॅरिअरला ट्यूबनं सीपीयू बांधून, डोळ्यांवर अण्णांचा चष्मा लावून रेवण निघाला. वाटेत तिघांनी विचारलं, चष्मा कधी लागला? तो म्हणाला, आजच. एकानं गाजर खायला सांगितलं. रेवणनं मनात ठरवलं होतं, बाईंना सगळं सांगून टाकायचं. आपण एकटेच का गुन्हेगार?

बाईंनी दार उघडलं. आत या म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत. रेवण चपला काढून आत गेला. खोलीत मॉनिटर झालरीच्या कव्हरखाली वाट बघत होता. कव्हरच्या कोपऱ्यावर दोऱ्यानं निळा हत्ती भरला होता.

त्यानं वायरी जोडल्या.

"किती वाचलेस?" बाईंनी मागून विचारलं.

"...सगळे."

"हं."

बाईंनी मॉनिटरवरचं कव्हर काढलं.

"दिवसभर मुली, मग शेजारीपाजारी. सगळे धीर द्यायला येतात," बाई म्हणाल्या. "एवढी एकच जागा होती, जिथं कुणी धीर देत नव्हतं. आता पुढचा कुठं ठेवू, तूच सांग."



"चुकलं, बाई," तो म्हणाला. पण एवढं बोलून थांबेल तो रेवण कसला. "पण एक सांगतो. अण्णांनाही दिसतं. त्यांचा चष्मा खोटा आहे."

"माहीत आहे की."

"काय?"

"आमच्या स्नेहसंमेलनातला आहे तो. नाटकात एक मुलगी न्यायाधीश झाली होती, तिचा. अण्णांनी मागितला, मी दिला."

"कशाला पाहिजे, विचारलं नाही?"

"नाही."

"म्हणजे तुम्हाला आधीपासून..."

"अरे, सगळ्या बार्शीला माहीत आहे. गिरणीवाल्याला माहीत आहे. अण्णा चष्म्याशिवाय बोळाच्या टोकाला उभ्या माणसाला हाक मारतात, आणि समोरचा पडदा दिसत नाही होय?"

गावात एकच माणूस असा होता, ज्याला अण्णा आंधळे वाटत होते. तो पायरीवर त्यांचा हात धरायचा आणि ते धरू द्यायचे.

मशीन सुरू झालं. सगळ्या फायली पडद्यावर आल्या.

रेवणनं चष्मा काढला. घडी घातली. बाईंच्या पुढ्यात ठेवला. ठेवताना त्याचे कान लाल झाले होते, कारण खोलीतल्या दोघांनाही ठाऊक होतं, काच साधी आहे.

"तुमच्या हातानं एखादी उघडा, बाई," तो म्हणाला. "आली का सांगा."

आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. भिंतीवर कॅलेंडर नव्हतं. बाईंच्या यजमानांचा फोटो होता. रेवण त्यांच्याकडं बघत राहिला, ते रेवणकडं.



मागं कळफलकावर टकटक सुरू झाली. आधी एकेक अक्षर, मग भरभर. नुसती फाइल उघडायला एवढी टकटक लागत नाही, हे रेवणला कळत होतं. तो हलला नाही.

दोनशे पंधराव्यात काय होतं, ते त्याला आजतागायत माहीत नाही. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे, जावयासारखे कॉम्प्युटर केव्हाच गेले, लोक अख्खं घर खिशातून आणून काउंटरवर टाकतात आणि चहाला जातात. पण ती टकटक त्याला अजून ऐकू येते म्हणतो.

"आली," बाई म्हणाल्या.

रेवणनं चष्मा उचलला. दारात बाई म्हणाल्या, "अण्णांना सांग, काडी सैल झालीये. न्यायाधीश फार डोकं हलवायची."

तो दुकानात परतला तेव्हा दिवे लागले होते. अण्णा दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनपुढं बसले होते. बाकड्यावर गिऱ्हाईक होतं. पडदा उजळायच्या बेतात होता, आणि अण्णा रिकाम्या नाकाला हात लावून रस्त्याकडं बघत होते.

रेवणनं चष्मा पुढं केला.

"अण्णा," तो कानात कुजबुजला, "सगळ्या गावाला माहीत आहे, तुम्हाला दिसतं."

अण्णांनी चष्मा डोळ्यांवर घातला. नीट बसवला.

"म्हणून तर काढावा लागतो," ते म्हणाले, आणि काढला.