धुरपताच्या दोन काठ्या

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या पणजोबांच्याही आधी, खैरटोली नावाच्या वस्तीत सलग दोन सालं धान करपलं. शेतात उरली ती एकटी लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ. तिला ना पाणी लागतं ना माया. डाळ चवीला बरी, पण महिनोन्महिने नुसती तीच पोटात गेली की पोटऱ्या ताठतात, गुडघे आखडतात, माणूस चवड्यांवर चालायला लागतो. मग हातात एक काठी येते, मग दोन. मग सरपटणं.

धुरपता टोलीची सुईण. अर्धी टोली तिच्या हातावर जन्मलेली. तिनं लोकांचे पाय पाहिले, शेतं पाहिली, आणि तिला उमगलं. ती विहिरीवर उभी राहिली आणि सगळ्यांदेखत ओरडली, "लाखोरी खाऊन लंगडे व्हाल, अडाण्यांनो. फेका ती उकिरड्यावर."

खरंच बोलली ती. पण खरं दगडासारखं फेकलं की लोक डोकं वाचवतात, ऐकत नाहीत. त्या दिवसापासून धुरपता दारात दिसली की बाया मडक्यावर झाकण ठेवायच्या. शेजारची मिरगा तर कोंड्याच्या ढिगात मडकं लपवायची आणि चोरून खायची. फाल्गुनात मिरगाचे पाय गेले.

धुरपता धावली. मिरगा भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "फेका म्हणालीस वो माय. मंग खाऊ काय, थे सांगतलं काय? तुया कोठीत धान होतं. माया मडक्यात कधी डोकावलीस?"

 धुरपता तिथंच खाली बसली. म्हणाली, "वाढ मले."

तेव्हापासून ती रोज एका घरी जेवायची. त्या घरात असेल तेच, आणि जेवल्यावरच बोलायची. लाखोरी कढत पाण्यात भिजवा, ते पाणी फेका, पुन्हा भिजवा, पुन्हा फेका. आपली कोठी तिनं उघडली आणि घरोघरी तांदूळ वाटला, डाळीत मिसळायला. कुणी विचारलं, "यानं पाय वाचतीन काय, बाई?" तर म्हणायची, "पुरते वाचतीन का, मले ठाऊक नाही. दोष कमी होते, एवढं ठाऊक आहे."

असं म्हणतात, ज्या घरी ती जेवायची त्या घराचा ताठा तिच्या पायांत उतरायचा. आधी तिची सावली लंगडू लागली, मग ती. फेकलेलं पाणी पडायचं तिथं मुंगी फिरकत नसे. गवत उगवे, तेही गुडघ्यात मोडलेलं. शेवटच्या घरी ती दोन काठ्यांवर गेली. भर दुपारी जेवून बाहेर पडली, ती कुणाला पुन्हा दिसली नाही. धुळीत रानापर्यंत काठ्यांच्या खुणा होत्या. मध्ये पावलं नव्हती.

मिरगाचे पाय परत आले नाहीत. खोटं कशाला सांगू? पण मिरगानंतर टोलीत फार थोड्यांचे गेले.

पुढच्या साली एक पुडीवाला आला. "ही पुडी घ्या, मग लाखोरी कितीही खा," म्हणाला. टळटळीत उन्हात भिंतीमागून आवाज आला. टक. टक. तो थांबला.

मिरगा बसल्या जागी हसली. "थांबला काऊन बाप्पा? बोल ना पुरं. आमची बाई ऐकून रायली."

पुड्या तिथंच टाकून तो गेला, असं म्हणतात.

आजही खैरटोलीत लाखोरीचं पहिलं पाणी उंबऱ्याबाहेर फेकताना बाया म्हणतात, "धुरपते, घे तुझं." आणि काय खावं हे सांगायला कुणी आलं, डॉक्टर असो की शाळेतली बाई, त्याला आधी कुणाच्या तरी घरी जेवायला बसवतात. दाराशी दोन काठ्या टेकवून ठेवतात. पाहुणा जेवून बोलला, ठाऊक नाही तिथं ठाऊक नाही म्हणाला, तर काठ्या गप्प असतात. ताट सरकवून कुणी उपदेश सुरू केला की त्या वाजतात.

तेव्हा वारा नसतो. आणि उंबऱ्याबाहेरचं गवत, असं म्हणतात, हळूच गुडघे सरळ करून उभं राहतं.