खिंडीतली गर्दी

त्या मुलखात बारा लाख प्राणी राहत होते आणि झाडून सगळे वीर होते. साधा प्राणी औषधालाही सापडत नसे. प्रत्येकाने अजगर मारलेला होता, प्रत्येकाच्या अंगावर पायघोळ झगा आणि डोक्यावर तोंड झाकणारे पितळी शिरस्त्राण होते आणि त्यावर लाल तुरा होता. ससा वीर, घूस वीर, गोगलगायसुद्धा वीर. टाळ्या वाजवायला कुणी उरलेच नव्हते, म्हणून ते कामही व्यवस्थापक मंडळाने आपल्याकडे घेतले होते. रोज सकाळी उंच सागावरून कर्णा वाजे आणि या मुलखाचे तारणहार आपण एकटेच आहात, असे बारा लाख जणांना एकाच वेळी कळवले जाई.

पूर्वी असे नव्हते. पूर्वी अजगर एकच होता आणि तो खरा होता. पाण्याचे तळे दोन डोंगरांच्या पलीकडे होते, मधे एक अरुंद खिंड होती आणि खिंडीत हा अजगर पसरलेला असे. एकटादुकटा आला की तो गिळून टाकी. वीस-पंचवीस जण मिळून आले की मात्र विचारात पडे आणि अंग आवरून वाट देई. म्हणून खिंडीच्या तोंडाशी थांबायची रीत पडली. पुरेसे जण जमेपर्यंत कुणी पुढे पाऊल टाकायचे नाही.

निघण्यापूर्वी आणखी एक रीत पाळली जाई. प्रत्येकाने आपल्याला काय येत नाही, ते मोठ्याने सांगायचे. काय येते ते सांगायला बंदी होती, कारण त्यात फार वेळ जाई. ससा म्हणे, मला लढता येत नाही. साळिंदर म्हणे, ते मी बघतो, पण मला धावता येत नाही. असे करत करत एकाचे उणे दुसऱ्याच्या पदरात पडे आणि मग मंडळी निघत.

यात सगळ्यात पुढे चाले ठकू नावाची चिचुंद्री. तिच्या अंगाला असा वास होता की अजगराचे जेवणावरचे मनच उडे. पण ठकूला दिसत नसे. तिच्या डाव्या बाजूला पिराजी तितर चाले. पिराजीला सगळे दिसे, पण धीर नव्हता, आणि तो बोलत राहिला तरच त्याचे पाय पुढे पडत. त्यामुळे खिंड संपेपर्यंत त्याची बडबड चालू असे. दगड आला, उजवीकडे घे. आता खड्डा. खड्डा म्हटले होते मी, कुणी ऐकतेय का इथे. ठकू त्याच्या कुरकुरीचा माग धरून चाले, पिराजी तिच्या पावलांच्या भरवशावर चाले, आणि मागे पंचवीस जण नाक दाबून चालत.

थांबण्यात कधी अर्धा दिवस जाई, कधी सबंध दिवस. तेवढ्यात सोयरिकी जमत, मोडत, कुणाच्या बिळात पाणी शिरले ते कळे, कुणाची कुरापत निघे. ठरलेल्यांपैकी एखादा आला नाही, तर त्याच्या घरी कुणीतरी बघून येई आणि तोवर सगळे तहानलेले बसून राहत. एकदा एका सशाच्या पडशापायी दोन दिवस खोळंबा झाला. सशाला त्याच्या सात पिढ्यांसकट शिव्या मिळाल्या, पण त्याला टाकून कुणी गेले नाही.

हा प्रकार बगळ्यांना फार मागासलेला वाटे. बगळे तळ्यावर उडत जात, त्यामुळे खिंडीच्या प्रश्नाकडे ते तटस्थपणे पाहू शकत. त्यांनी एक मंडळ स्थापन केले आणि धवलराव नावाच्या लांब मानेच्या बगळ्याला त्याचा प्रमुख नेमले. धवलरावाने मंडळींना विचारले, तुम्हाला सर्वांत जास्त कंटाळा कशाचा येतो. सगळ्यांनी एकमुखाने सांगितले, थांबण्याचा. ते खरेही होते. दुसऱ्या दिवसापासून थांबणे बंद झाले.

पाच पाच जणांची पंचके पाडण्यात आली. खिंडीशी पोचताच पंचक तयार, कुणी कुणाला नाव विचारायचे नाही, सरळ चालू लागायचे. पण एक अजगर सगळ्यांना पुरेना, म्हणून चिंध्यांचे अजगर शिवून घेण्यात आले. प्रत्येक पंचकाला दर खेपेला एक ताजा अजगर मिळे आणि तो हमखास मरे. खरा अजगर सल्लागार म्हणून मंडळात रुजू झाला. शिंप्यांना खवले दाखवायचे आणि दोन वेळा आयते जेवायचे, एवढेच त्याला काम होते. जेवण कशाचे, याचा उल्लेख अहवालात नव्हता.

मग उणे असण्याची लाज कशाला बाळगायची, असा विचार पुढे आला. प्रत्येकाला सगळे देण्यात आले. सशाला काटे मिळाले, साळिंदराला चाके मिळाली, ठकूच्या शिरस्त्राणात दोन भिंगे बसवली गेली. वासाबद्दल कुणाची तक्रार नको, म्हणून सर्वांना एकच सुगंधी तेल लावण्यात आले. शेवटी एका साळिंदराने रागाच्या भरात एका मुंगसाला नको ते बोलल्याचे निमित्त झाले आणि मंडळाने बोलणेच काढून घेतले. त्याऐवजी प्रत्येकाला तीन शिट्ट्या दिल्या. एक 'चला' म्हणायची, एक 'शाब्बास' म्हणायची आणि एक 'आभारी आहे' म्हणायची. तीन शिट्ट्यांत भांडता येत नाही, हे धवलरावाने स्वतः तपासून पाहिले होते.

मुलखाची कीर्ती दूरवर गेली. बाहेरून झुंडी येऊ लागल्या. बघता बघता आकडा बारा लाखांवर गेला आणि सागाखाली तो रोज मोठ्या अक्षरांत लिहिला जाऊ लागला.

ठकूला आता दिसत होते. भिंगांतून तिला पितळ दिसे, तुरे दिसत आणि पुढच्या पंचकाची पाठ दिसे. पण पिराजी दिसत नव्हता. शेवटच्या खेपेला तो खोकत होता. छातीत काहीतरी अडकल्यासारखा कोरडा खोकला होता तो, आणि ठकूने त्याला अडुळशाचा रस घ्यायला सांगितले होते. त्यानंतर पंचके पडली. त्याचे झुडूप होते त्या जागी आता वीरांसाठी एकसारखी घरे झाली होती. वर्ष उलटले तरी त्याचा पत्ता नव्हता. पूर्वी तो आला नसता तर सगळी खिंड अडून बसली असती. आता एक जागा रिकामी झाली की त्याच क्षणी भरली जाई. तो मेला असेल तर निदान कुणाला कळले तरी असेल का, या विचाराने ठकूला घास गोड लागेना.

तिने मंडळाकडे अर्ज केला. कारकून बगळ्याने यादी चाळून सांगितले की मुलखात चाळीस हजार तितर आहेत आणि सगळे समाधानी आहेत, त्यांतला कोणताही घ्यावा. ठकूने लिहून दिले की मला पिराजी हवा आहे. त्याच्यात इतरांहून कोणती सोय जास्त आहे, असा उलट प्रश्न आला. ठकूने पुष्कळ विचार केला. तो कुरकुरा होता, भित्रा होता आणि खोकत होता. सोय म्हणावी असे काही तिला सुचले नाही.

तिच्या पंचकात डावीकडे एक बुटका वीर असे, उजवीकडे दोन उंच आणि मागे एक जाडा. वर्षभर तेच चौघे होते. डावीकडचा जरा बिघडलेला असावा, कारण तो दर दगडाला 'चला'ची शिट्टी वाजवी. एकदा उजवीकडचा उंच वीर ठेच लागून पडला. त्याचे शिरस्त्राण घरंगळत गेले आणि मानेतून मूठभर पेंढा बाहेर आला. डोके असे नव्हतेच. आतली शिट्टी मात्र 'शाब्बास' वाजवत राहिली. ठकूने भीतभीत दुसऱ्या उंच वीराला टोचून पाहिले. तोही पेंढाच होता. मागच्या जाड्यात पेंढा जरा जास्त होता, इतकेच. डावीकडच्याला टोचायचे तिच्याने झाले नाही. चौघांतले तीन पेंढ्याचे निघाल्यावर चौथ्याकडून आशा ठेवायची तिला भीती वाटली.

ती तडक सागाखाली गेली. शिरस्त्राण काढून तिने धवलरावाला तोंडानेच विचारले. धवलरावाला त्यात लपवण्यासारखे काही वाटले नाही. त्याने समजावून सांगितले की आरंभी खरे प्राणी पुरत होते, पण ते आपले कारण नसताना कंटाळत, घरी बसत, दिसेनासे होत. गर्दी तर दिसली पाहिजे. रिकाम्या मुलखात वीर व्हायला कुणाला आवडेल.

"मग बारा लाखांत खरे किती?" ठकूने विचारले.

"ते आम्ही मोजत नाही," धवलराव म्हणाला. "खऱ्यांच्या तक्रारी फार. पेंढ्याकडून, बाई, आजवर एक तक्रार आलेली नाही."

ठकूने खाली पाहिले तर मैदानात पितळच पितळ हलत होते. तिला एकदम इतके एकटे वाटले, जितके डोळे नसताना कधी वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी पंचकात उभी राहिली. खिंडीत शिरली. खिंड जिथे सर्वांत अरुंद होती तिथे आली आणि वाटेच्या मधोमध खाली बसली.

दोन्ही उंच वीर न थांबता पुढे गेले. मागचा जाडा तिला येऊन धडकला, आडवा झाला आणि पडल्या पडल्या पाय हलवत राहिला. डावीकडचा बुटका चार पावले गेला, मग थांबला. वळून परत आला. त्याने 'चला'ची शिट्टी वाजवली. ठकू हलली नाही. त्याने पुन्हा वाजवली, जवळ येऊन वाजवली, वाकून तिच्या कानाशी वाजवली. मग त्याने शिरस्त्राण उचकटले, शिट्टी थुंकली आणि तो खोकला.

"पेंढ्याचा असून बसतोस?" तो करवादला. "ऊठ की. मागून कुणी आले तर काय सांगू मी? माझ्याने नाही एकट्याने पुढे जायचे होत, पाय लटपटतात."

ठकूने आपले शिरस्त्राण काढले.

"पिराजी," ती म्हणाली, "वर्षभर माझ्या डाव्या बाजूला तूच होतास?"

पिराजीने मान वाकडी करून तिच्याकडे बघितले. तिचे शिरस्त्राण निघाले तेव्हा सुगंधी तेलाखालून जुना वास थोडासा आला असावा, कारण त्याने आधी नाक आक्रसले आणि मग त्याचे डोळे भरून आले.

"मला वाटले, तू पेंढ्याची आहेस," तो म्हणाला.

"मलाही तसेच वाटले."

"अडुळसा घेतला मी. काही उपयोग झाला नाही." आणि तो तिच्या शेजारी बसला.

एवढ्यात मागचे पंचक येऊन थडकले. त्यातले चौघे आडवे झाले आणि पाचवा थांबला. तो साळिंदर होता. वाटेत बसणाऱ्यांना काही लाज आहे का, असे त्याला विचारायचे होते. शिट्टीतून ते विचारता येईना, म्हणून त्यानेही ती फेकली. त्याच्या मागून एक ससा आला, मग दोन घुशी, मग एक मुंगूस. त्याला साळिंदर ओळखू आला आणि अर्धवट राहिलेले जुने भांडण त्याने जिथल्या तिथे पुढे सुरू केले. पेंढ्याचे वीर एकावर एक पडत गेले आणि त्यांच्या ढिगावर चढून खरे पुढे येत राहिले. जो येई तो आधी खेकसे, मग काय झाले म्हणून विचारी, मग कुणाच्या तरी पायावर पाय देई आणि मग बसे. गोगलगाय पोचली तेव्हा दुपार कलली होती आणि तिला ऐकून घेण्यासाठी सगळे गप्प झाले, कारण ती फार हळू रागावत होती.

सागावर खळबळ उडाली. खिंड तुंबली होती. असे मंडळाच्या कारकिर्दीत कधी घडले नव्हते. लोकांना समज देण्यासाठी धवलराव स्वतः उडाला आणि जन्मात पहिल्यांदा खिंडीत उतरला.

उतरता उतरता त्याचा उजवा पाय कशावर तरी पडला. एका घुशीने त्याला आपल्या शेपटीवरून पाय काढायला सांगितले. त्याने तो उचलला, मान वळवून इकडे पाहिले, तिकडे पाहिले. पेंढ्याचे सगळे वीर एव्हाना ढिगात जाऊन पडले होते आणि मागे मैदानात पाहावे तिथवर जागाच जागा मोकळी पडली होती. खिंडीत खरे सगळे मिळून चाळीस जण होते, आणि धवलराव एका पायावर तोल सांभाळत दुसरा टेकवायला जागा शोधत उभा राहिला.