येसूला हरवणारी

फार फार पूर्वी, एका रुंद नदीच्या काठी राहणाऱ्या मुलीची ही गोष्ट. तिचं नाव येसू. गडावरचे निरोप गावोगाव धावत पोचवणं हे तिचं काम. स्वस्थ बसणं तिला ठाऊकच नव्हतं.

एकदा डोंगर उतरताना तिचा पाय घसरला आणि ती कड्यावरून कोसळली. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग कायमचं लुळं पडलं.

पाय थांबले, मन काही थांबेना. दिवसभर ती ओट्यावर बसून गोधडीचे टाके उसवत राही. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी, "कुठून आलात? आता कुठं निघालात?" आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आत तोंड फिरवी.

तिचा मामा नावाडी होता. एके सकाळी त्यानं तिला उचललं आणि होडीत नेऊन बसवलं.

"मामा, मी इथं काय करू?"

"ओट्यावर तरी काय करतेस? घे ही वल्ही."

येसूनं वल्ही ओढली आणि ती मागच्या मागे आडवी झाली. वल्हवणारा पाय रोवून जोर लावतो. तिला पाय रोवता येत नव्हते. मग मामानं होडीत उंच पाठीची फळी ठोकली आणि चामड्याच्या पट्ट्यानं तिला फळीशी बांधलं. होडी चालू लागली. पण वळणावर ती उलटली, आणि पट्ट्यात अडकलेली येसू पाण्याखाली गेली. मामानं उडी घेऊन पट्टा कापला, तेव्हा ती निळी पडली होती.

"आता पुरे," मामा म्हणाला.

"पुरे कसं?" येसू खोकत म्हणाली. "एका हिसक्यात सुटेल अशी गाठ मार. उद्या पुन्हा."

दरवर्षी राजा होड्यांची शर्यत भरवी. त्या वर्षी येसू त्यात उतरली आणि सगळ्यांच्या शेवटी आली. तरी काठावर टाळ्यांचा कडकडाट झाला. राजानं अंगावरचा शेला काढून तिला दिला.

घरी आल्यावर तिनं तो कोपऱ्यात फेकला.

"अगं, राजाचा शेला तो!" मामा म्हणाला.

"मामा, जिंकणाऱ्यापेक्षा मला जास्त टाळ्या पडल्या. म्हणजे माझं वल्हवणं कुणी पाहिलंच नाही. त्यांनी फक्त माझे पाय पाहिले."

वर्षं गेली. तिच्या तळहातांना घट्टे पडले, खांदे भरले. पण नुसत्या हातांनी ओढणारी येसू, हातापायांचा जोर लावणाऱ्यांना कशी गाठणार? ती मागेच राही, आणि टाळ्या तशाच पडत. तिचं जेवणात लक्ष लागेना. शेवटी ती राजापुढे गेली.

"महाराज, माझ्यासारखी माणसं राज्यात असतील. त्यांना बोलवा."

"कशासाठी?"

"मला हरवायला."

राजानं दवंडी पिटवली. लढाईत पाय गमावलेला शिपाई आला. लहानपणापासून पाय वाळलेली भागा कुंभारीण आली. आणखीही काही आले. कुणालाच वल्हवता येत नव्हतं. येसूनं प्रत्येकाच्या होडीत फळी बसवून घेतली, गाठ शिकवली, पाण्यात पडले तेव्हा ओढून काढलं.

"आम्हाला सगळं शिकवलंस तर तुझं काय उरेल?" भागानं विचारलं.

"नीट ओढ," येसू म्हणाली. "बोलू नकोस."

शर्यतीच्या दिवशी लोक पुन्हा टाळ्या वाजवायला जमले. पण होड्या सुटल्या आणि टाळ्या विसरल्या गेल्या. येसू आणि भागा बरोबरीनं चालल्या होत्या. कधी ही हातभर पुढे, कधी ती. काठानं माणसं धावू लागली, ओरडू लागली. माती मळून घट्ट झालेल्या भागाच्या दंडांनी शेवटची ओढ मारली आणि तिची होडी पुढे निघाली.

येसू हरली. काठावरचा एक म्हातारा तिच्यावर खेकसला, "काय गं! ऐन शेवटाला हात ढिला सोडलास? जिंकत होतीस की!"

येसूनं मान वर केली. इतक्या वर्षांत तिला असं कुणी बोललं नव्हतं. ती खळखळून हसली आणि म्हणाली, "खरं आहे, बाबा. चुकलंच माझं."

मग तिनं होडी भागाच्या होडीला लावली. "उद्या सकाळी ये. पुन्हा शर्यत लागू दे."

ती शर्यत त्या नदीवर पुढे दरवर्षी होत राहिली. कधी येसू जिंकली, कधी हरली. शेला मात्र जिंकणाऱ्यालाच मिळे.

बोध : दयेनं मिळालेल्या शाबासकीपेक्षा बरोबरीच्या लढतीत झालेली हार माणसाचा अधिक मान राखते.