डिंकाने चिकटवलेले काटे

जंगलातली शाळा बाभळीखाली भरायची, तेव्हाची गोष्ट. कासव गुरुजींचा नियम कडक होता: शाळेत हत्यार आणायचं नाही. टिपरू सशाला तो मुळीच पटत नव्हता.

"मग साळूचे काटे बरे चालतात?" साळिंदराकडे बोट दाखवून तो रोज भुणभुण करायचा. "आम्ही काय जीव मुठीत धरून शिकायचं?"

शेवटी गुरुजी कंटाळले. "आणा बाबांनो, ज्याला जे आणायचंय ते!"

टिपरूने साळूचे गळलेले काटे गोळा केले आणि बाभळीच्या डिंकाने अंगभर चिकटवले, अगदी कानांवरसुद्धा. कबड्डीत त्याला कोणी धरेना. पठ्ठ्याची छाती फुगली. मधल्या सुट्टीत मिरवता मिरवता तो डबक्यात घसरला आणि गाळात मानेपर्यंत रुतला.

"धरा रे मला!"

सगळी शाळा धावली, पण धरायचं कुठे? जो पंजा लावी, तो बोटं चोखत मागे येई.

"अरे, काटे मिटव की!" साळू ओरडला. "मी वर्गात शेजारी बसताना मिटवतो, तसे!"

टिपरू रडकुंडीला आला. "मिटत नाहीत रे! डिंक पक्का बसलाय!"

तेव्हा गुरुजी स्वतः दोर आणायला निघाले. पण ते पडले कासव.