समोरच्या बाजूची ओळ

“…आणि माझ्या जागेवर ती बाई कोण बसलीय?”

तिबोनं घोड्यावरून उतरून अजून पायसुद्धा धुतले नव्हते. पॅरिसला सहा वर्षं लॅटिन घोटून तो आपल्या जुन्या मठात परतला होता. नाक पहिल्यापासूनच जरा वर होतं, आता आणखी चढलं होतं.

“पेरोनेल,” म्हातारे ओडिलो म्हणाले. तिबोला पहिली प्रार्थना त्यांनीच शिकवली होती. “गावात पाव भाजते.”

“मठाच्या गायनात पाववाली?”

“पाव चांगला असतो रे तिचा.”

तिबोनं बिशपचं पत्र काढून दाखवलं. हुकूम साधा होता. काळ्या साथीत मठ रिकामा झालाय का ते कळव; झाला असेल तर दाराला कुलूप घाल आणि उरलेल्यांना शहरात घेऊन ये.

“मी गेलो तेव्हा इथे चाळीस संन्यासी होते, बाबा.”

“होते.”

“आता?”

“दोन. एक मी. दुसरा बंधू गेरां, तो ठार बहिरा झालाय. गातो मात्र अगदी मनापासून.”

दोन वर्षांपूर्वी बुर्गुंडीतल्या त्या टेकडीवर साथीनं काय केलं ते सांगत बसत नाही. काखेत गाठ आली की तीन दिवसांत खेळ खलास. अर्धं गाव गेलं. उरलेल्या अर्ध्यानं आधी रडून घेतलं आणि मग कामाला हात घातला. लोहाराची बायको स्वतः घण मारू लागली. सरदाराला द्राक्षं तोडायला माणूस मिळेना, तेव्हा तो कुळांना ‘अहो-जाहो’ करायला शिकला. विधवा-विधुरांची लग्नं तर इतकी लागली, की चर्चच्या दारातली फुलं सुकायला उसंत नव्हती.

तिबोला हे सगळं वाटेत दिसलं होतं. आवडलं नव्हतं.

“नियम काय आहे, बाबा? तुम्हीच शिकवलात. उजव्या बाजूनं एक ओळ म्हणायची आणि थांबायचं. पुढची ओळ डाव्या बाजूची. दोन्हीकडे फक्त संन्यासी.”

“डावी बाजू दहा दिवसांत गेली,” ओडिलो म्हणाले. “उजवीकडे मी उरलो. गेरां तेव्हा अंथरुणाला खिळलेला. मी माझी ओळ म्हणायचो… आणि थांबायचो.”

“दुसरीही म्हणून टाकायची!”

“ती माझी नव्हती.”

“मग?”

“हिवाळाभर थांबत राहिलो.”

तिबोला हसू आलं, पण म्हाताऱ्याकडे बघून त्यानं ते गिळलं.

“एक दिवस ओळ आली. दारापाशी ही पाव घेऊन उभी होती. तीस वर्षं रोज पाव आणून दिलेला, ऐकून ऐकून सगळं लॅटिन पाठ.”

“अर्थ न समजता!”

“तिनंही तेच विचारलं. गाऊन झाल्यावर म्हणाली, बाबा, मी हे काय म्हटलं? मी आपल्या बोलीत सांगितलं. तर रडायलाच लागली. म्हणाली, एवढं साधं होतं तर इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार! दुसऱ्या दिवसापासून शिकवायला बसलो.”

संध्याकाळची घंटा झाली. गाव प्रार्थनेला आत येऊ लागलं. तिबोनं हात आडवा धरला.

“सगळे बाहेर थांबा. बिशपना मला मठाचं कळवायचंय, गावाचं नाही. आज मी गाणार.”

लोकांनी ओडिलोंकडे पाहिलं. ओडिलोंनी मान डोलावली आणि ते खाली बसले. गेरांचा हात धरून त्यालाही बसवलं. लोक बाहेर गेले.

तिबो उजव्या बाजूला उभा राहिला. त्यानं ओळ म्हटली. आवाज देखणा, उच्चार चोख. कुणी नावं ठेवावीत असं काही नव्हतं.

तो थांबला.

समोर डावी बाजू रिकामी होती.

…

दुसरी ओळ म्हणायला त्यानं तोंड उघडलं. ओडिलोंनी बोट वर केलं. फक्त बोट.

…

समोरच्या त्या बाकावर एमरी बसायचा, त्याला मधेच उचकी लागायची. पलीकडे जाडा ओदें. अगदी टोकाला तिबोचा सख्खा मामा. तिघांच्या मरणाची पत्रं त्याला पॅरिसला मिळाली होती. ती वाचून त्यानं घडी करून ठेवली होती आणि व्याकरण उघडलं होतं.

…

“कुणीतरी म्हणा रे,” तिबो म्हणाला. आता तो रडत होता, दोन वर्षांचं सगळं एकदम.

दारातून ओळ आली.

गावबोलीत. पेरोनेलचे हात कोपरापर्यंत पिठात होते. तिच्यामागून लोहारीण आली, तिचा नवा नवरा आला, धनगर आले, कडेवर पोरं घेतलेल्या बाया आल्या. सूर चार दिशांना चालले होते. गेरां सगळ्यांच्या एक ओळ मागे होता आणि खूश होता. मधेच एका तान्ह्यानं भोकाड पसरलं, तसं गाणाऱ्यांनाच हसू फुटलं. तिबो रडता रडता हसला. पुढची ओळ त्यानं त्यांच्याच बोलीत म्हटली. पॅरिसला सहा वर्षं ती बोली जिभेवर नव्हती, दोन जागी चुकला. पेरोनेलनं तिथल्या तिथे दुरुस्त केलं.

गाणं संपलं. घरी जायचं कुणी नाव काढेना.

तिबोनं कागद उघडला, लेखणी शाईत बुडवली. बिशपनी एकच गोष्ट विचारली होती.

“बाबा, काय कळवू? मठ रिकामा आहे का?”

ओडिलो पायऱ्यांवर, खांबांपाशी, जमिनीवर दाटीवाटीनं बसलेल्या माणसांतून वाट काढत होते. कुणाच्या तरी पायावर पाय पडला, त्यांनी माफी मागितली.

“लिही,” ते म्हणाले, “बाकं पाठवा.”