महालातला खिळा

मलाया देशात सुलतानांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. नदीकाठी सुलतानाचा महाल होता, सगळा लाकडी खुंट्यांवर जोडलेला. लोखंड औषधालासुद्धा नव्हतं. एकदा दारावरची कोरीव फळी कुरकुरू लागली, म्हणून नव्या कारभाऱ्याने घाईघाईत तिला एक खिळा ठोकला.

खिळा कसला, दुसरा सुलतानच! शेजारच्या खुंटीला म्हणाला, "बाई, तुम्ही दोन ठोक्यांत निघता. मी एकदा धरलं की सोडत नाही."

खुंटी हसली. "असेल बाबा. पण हा महाल माझ्यादेखत दोनदा जागा बदलून आलाय."

"आता हलतो कसा, बघतोच!"

त्या पावसाळ्यात नदी थेट पायऱ्यांपर्यंत आली. थोरले सुतार वान दरामन यांनी महाल टेकडीवर न्यायला उतरवायला घेतला. खुंट्या टकाटक निघाल्या, फळ्या अखंड सुटल्या. खिळा मात्र हटून बसला. शेवटी कारभाऱ्यानेच पहार घातली, तशी सुलतानाच्या आजीने कोरवून घेतलेली ती फळी उभी चिरली.

टेकडीवर महाल पुन्हा उभा राहिला. खुंट्या आपापल्या जागी बसल्या. खाली चिखलात खिळा फळीची ढलपी कवटाळून अजून ओरडत होता, "पाहिलंत? मी नाही सोडलं!"